जास्तीचा महिना

यंदा ज्येष्ठ दोनदा.
पुण्याचा महिना आहे, सासूबाई म्हणाल्या, काहीतरी दान करा.
त्याच सोमवारी अंबादास भर दुपारी घरी आला,
डबा न उघडलेला.
टॉवेलचे गठ्ठे गोडाऊनच्या पत्र्याला टेकलेत,
माल हलला की निरोप धाडतो म्हणाला मालक.
तीन वर्षांतून एकदा मिळणारा जास्तीचा महिना
आम्हाला मिळाला तो असा, बिनपगाराचा.

पहिल्या रात्री कुणाचाच डोळा लागला नाही.
गल्लीतले माग थांबले की
कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं होतं.
श्रीलता उठून बसली. "आई, आवाज कुठं गेला?"
झोप, म्हटलं. गावाला गेलाय.

मी पानं भिजवते, कापते, वळते, दोरा मारते.
हजार विड्या, रोजच्या रोज.
चौथ्या दिवशी अंबादास समोर येऊन बसला,
दे म्हणाला चार पानं.
चार माग एकटा पळवणारा माणूस हा;
त्याची पहिली विडी
पोटुशी गोगलगाय.
सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या,
आणि तेलुगूत एक वाक्य बोलल्या
जे मी मराठीत सांगणार नाही.
अंबादासनं ती विडी देवाच्या फळीवर ठेवली.
अजून आहे तिथं.

कानातली मी बँकेत ठेवून आले
त्या दिवशी काही आनंद वगैरे नव्हता.
उन्हात बाळीवेशीपासून चालत आले.
एवढंच, की वाटेत कडुनिंबाखाली
कलिंगडवाल्यानं न विचारता एक फोड पुढं केली
आणि पैसे नको म्हणाला,
"फुटकंच होतं, ताई."
मीही जरा तशीच होते. खाल्लं.

पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री पावणेतीनला.
रजियाचा पोरगा घंटी नसलेल्या सायकलवरून
ओरडत जातो, "येऊलालंय! येऊलालंय!"
आधी नळ खोकतो, मग गढूळ,
मग नितळ धार, आणि सगळी गल्ली
केस सुटलेली, डोळे चोळत, एकमेकींच्या घागरी सरकवत.
रजिया म्हणाली, एवढ्या रात्री तर लग्नातही जागत नाही आपण.
टाकी भरून वाहिली, तशी मी पायरीवर बसले,
दिवसभर तापलेल्या फरशीवर
ओघळत्या पाण्यात पाय सोडून.
कुणी उठवलं नाही मला. पाच मिनिटं असतील.

मग आई आली वैरागहून, जावयाचं वाण घेऊन.
नको म्हणून फोन केला होता, तरी.
तेहतीस अनारसे मोजून द्यायचे असतात.
तबकात ठेवून मोजले, तर एकतीस.
पुन्हा मोजले. एकतीस.
आई एसटीच्या खिडकीबाहेर बघितल्यासारखी
भिंतीकडे बघत राहिली.
"बार्शीला गाडी फार वेळ थांबली गं,"
शेवटी म्हणाली.
अंबादास इतका हसला की त्याला ठसका लागला,
आणि मी त्याच्या पाठीवर थापटत राहिले
ठसका थांबल्यावरही.

त्या दिवशी जेवण आम्ही नव्या टॉवेलवर मांडलं.
माग थांबताना निघालेला शेवटचा तुकडा तो,
पंच चुकलेला, छाटमध्ये मिळालेला.
त्यातल्या मोराचं तोंड शेपटीकडं वळलंय.
श्रीलता म्हणते, तो बघतोय पिसारा आहे का अजून.

दानाचं राहिलंच.
कलिंगडवाल्याला दोन अनारसे नेऊन दिले,
ते धरायचे की नाही, सासूबाईंना विचारलं नाही.

काल रात्री, अमावास्येला दोन दिवस असताना,
दूर कुठंतरी, दोन गल्ल्या पलीकडं,
खट्.
मग खटक् खटक्, अडखळत, मग सलग.
अंबादास अंधारात उठून बसला.
"आपला नाही," म्हणाला. "येमुलांचा आहे, कोपऱ्यातला.
त्याचा पट्टा सैल आहे, ऐक."
मी ऐकलं. मला काही सैल वाटलं नाही.
एकच माग. दुसऱ्याचा.
तो ऐकत बसला, मान किंचित वाकडी करून,
ओठांनी फेरे मोजत,
आणि मोजता मोजता
आडवा झाला.